फिल्टरच्या पलीकडं बोट फिरवा

मागच्या अंकात बोलता बोलता एक ओळ लिहून गेलो होतो: एअर फिल्टर मळका दिसला म्हणून घाबरू नका, त्याच्या पलीकडची बाजू मळकी आहे का ते बघा. त्या ओळीवर एवढी पत्रं आलीत की या महिन्यात क्लच, ब्रेक, बॅटरी सगळं बाजूला ठेवतोय. दोघांनी तर विचारलंय, मिस्त्री, छापताना वाक्य उलटं झालं का? नाही झालं. वाचा पुढं.

प्रश्न : माझी पेट्रोलवरची छोटी गाडी आहे, सहा वर्षं झाली. घर ते शाळा, आणि महिन्यातून एकदा माहेरी गारगोटीला. दर सर्व्हिसिंगला मला एक काळपट फिल्टर दाखवतात आणि म्हणतात, मॅडम, हा बदलायलाच पाहिजे. मला त्यातलं कळत नाही म्हणून मी हो म्हणते. हे घरच्या घरी बघता येईल का? बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?
– एक शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : ताई, येईल की. कुकरची रिंग काढून, धुऊन परत बसवता येते ना? मग हेही येईल. काम त्याच जातीचं आहे. रिंग नीट बसली नाही तर वाफ जाते, इथं धूळ जाते.

आधी हा फिल्टर करतो काय ते सांगतो. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. तुम्ही गारगोटीला जाऊन आलात की पाच-साडेपाच लिटर पेट्रोल संपतं, म्हणजे पन्नास हजार लिटर हवा इंजिनात जाऊन बाहेर पडते. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा, तशा पन्नास टाक्या. एवढी सगळी हवा त्या एका घड्या घातलेल्या कागदातून गाळली जाते. आता आपल्याकडची हवा कसली? महामार्गावर सहापदरीचं काम, त्याची धूळ. शिरोलीकडून आलात तर फाउंड्रीची वाळू. पश्चिमेला गेलात तर तांबडी माती. ती काळ्या काचेवर बसली की अंगठ्यानं नाव लिहावं अशी दिसते.

आता बघायचं कसं. गाडी थंड असताना बॉनेट उघडा. प्लास्टिकची एक काळी पेटी दिसेल, तिच्यातून मनगटाहून जाड रबरी नळी इंजिनाकडं गेलेली असते. पेटीच्या झाकणाला बहुतेक गाड्यांत स्टीलच्या क्लिपा असतात, काहींना स्क्रू. झाकण उघडायच्या आधी ओल्या फडक्यानं वरून पुसून घ्या. वरचा कचरा आत पडला तर आपणच इंजिनाला धूळ चारली असं होतं. शेजारी सेन्सरची वायर असली तर ती ओढू नका, झाकण उचलेल तेवढंच उचला.

फिल्टर बाहेर काढताना कुठली बाजू वर होती ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग तो उन्हात धरा, नाहीतर मागून मोबाइलची बॅटरी लावा. घड्यांमधून उजेड दिसतोय? मग अजून चालेल. वरून करडा, तपकिरी दिसला तरी चालेल. तुम्हाला दाखवतात तो रंग असतो, आणि रंगावरून काही ठरत नाही. गाळणीत चहाची पूड दिसली म्हणजे गाळणी काम करतेय. उलट थोडी धूळ बसलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक कण जास्त अडवतो, कारण बसलेली धूळच पुढच्या धुळीला अडवायला लागते. उजेड दिसेनासा झाला, घड्या चिकटल्या, कागद फाटला, तेलकट झाला, नाहीतर कडेचं रबर कडक होऊन तडकलं, तर बदला. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदला असं असतं आणि धुळीत त्याच्या आधी बघा असं असतं. तुमचं वर्षाला सात-आठ हजार होत असेल. म्हणजे दर वर्षी नवा घालायचं कारण मला तरी दिसत नाही.

आता माझी ती ओळ. फिल्टर काढल्यावर पेटीचा जो भाग इंजिनाकडं जातो, त्याच्यात आतून बोट फिरवा. आधी बोट पुसून, मग. बोट स्वच्छ आलं पाहिजे. नुसता भुरा लागला तरी समजायचं की हवा फिल्टरला चुकवून कुठून तरी घुसतेय. मळकी बाजू मळकीच असणार, तिचा जन्म त्यासाठीच आहे. स्वच्छ बाजू मळली तर मात्र इंजिनाचं आयुष्य जातंय.

बसवताना पेटी ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, फिल्टरचं रबर चारी बाजूंनी खाचेत बसलंय का ते बोटानं चाचपा, आणि क्लिप लावा. क्लिप टक् करून सहज बसते. जोर लावावा लागला तर समजायचं, आत काहीतरी वाकडं बसलंय. उघडा, परत बसवा.

हे एवढं का बजावतो ते सांगतो. १९९४ साली मी दुसऱ्याच्या गॅरेजात हाताखाली काम करत होतो. गगनबावड्याकडं रोज जाणारी एक जीप आली. मी फिल्टर साफ केला, बसवला, आणि संध्याकाळच्या घाईत मागची क्लिप अर्धीच लावली. सहा महिन्यांनी जीप परत आली ती निळा धूर सोडत. उघडल्यावर नळीत आतून तांबड्या मातीचा थर, आणि सिलिंडरला हात लावला तर नखाला पायरी लागत होती, एवढा तो झिजला होता. मालकानं मला काही बोललं नाही. नुसती ती नळी माझ्या हातात दिली. माझे वडील इथंच उद्यमनगरात ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, नदीकाठच्या पाणी उपशाची. त्यांची सवय होती, इंजिन समोर आलं की आधी हवेच्या नळीत बोट घालायचं. लहानपणी मला ते घाणेरडं वाटायचं.

आणि ताई, पुढच्या सर्व्हिसिंगला फिल्टर बदलला तर जुना मागून घ्या. द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

प्रश्न : ट्रॅक्टर दोन हंगाम ऊस वाहतुकीला होता. या हंगामाच्या शेवटी इंजिन ऑइल खायला लागलं, चढाला निळा धूर येतो. मिस्त्री म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनाचं काम काढायला लागेल. इंजिनाचे तास अजून तसे कमी आहेत. पोरानं फिल्टरकडं नीट बघितलं नाही असं मला वाटतं. तो म्हणतो, ऑइलचा फिल्टर आहे, त्याला काय होतंय. कुणाचं खरं?
– एक ऊस वाहतूकदार, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, बापलेकाच्या भांडणात मी पडत नाही, पण तुमचा संशय चुकीचा नाही.

तुमचा पोरगा ज्याला ऑइलचा फिल्टर म्हणतो तो ऑइल बाथ, म्हणजे तेलावर हवा गाळणारा फिल्टर, फार हुशार वस्तू आहे. हवा मधल्या नळीतून खाली येते, तळाच्या वाटीतल्या तेलावर आपटून गर्रकन वर वळते. जड कण वळू शकत नाहीत, ते तेलात पडतात. बारीक राहिले ते वरच्या तारांच्या जाळीला, तेलानं ओल्या झालेल्या, चिकटतात. आणि तेल ठिबकताना ते परत वाटीत येतात. कागद नाही, विकत काही घ्यायचं नाही. पण हे सगळं वाटीतल्या तेलाच्या रेघेवर चालतं. तेल रेघेच्या खाली गेलं की हवा नुसती वळून जाते, धूळ सरळ आत. रेघेच्या वर भरलं तर इंजिन तेच तेल ओढून घेतं, धूर काढतं, आणि डिझेल इंजिन स्वतःच्या मनानं पळत सुटण्याचा धोका वेगळाच. म्हणून जास्त घातलं तर जास्त चांगलं, हा हिशेब इथं चालत नाही.

हंगामात उसाच्या फडातून ट्रॅक्टर निघतो तेव्हा काय काय उडतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. पाचट, जाळलेल्या पाल्याची राख, काळ्या रानातली भुकटी, आणि कारखान्याच्या यार्डात रांगेत उभं असताना पुढच्या ट्रॉलीची धूळ. असल्या कामात वाटी रोज उघडून बघायची. तळाला चिखल बसून तेल पिठल्यासारखं झालं की ओतून टाकायचं, वाटी पुसायची, इंजिनात घालता तेच ऑइल रेघेपर्यंत घालायचं. पिठलं होईपर्यंत थांबणंसुद्धा उशीरच, खरं तर. जाळी डिझेलमध्ये खळबळून धुवायची, निथळू द्यायची, मग बसवायची. पेट्रोलनं धुऊ नका. फिल्टरच्या डोक्यावर जो प्याला असतो, मोठी धूळ आधीच अडवणारा, त्यातली धूळ तर पोरानं रोज सकाळी चहाआधी झटकली पाहिजे.

एक परीक्षा सांगतो, पैसे लागत नाहीत. इंजिन मंद चालू ठेवा, वरचा प्याला काढा आणि हवा जायच्या तोंडावर लाकडाची सपाट फळी घट्ट दाबा. हात लावू नका, फळीच. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. बंद पडलं नाही, चालूच राहिलं, तर ते दुसरीकडून श्वास घेतंय. फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतची, म्हणजे हवा इंजिनात शिरते तिथवरची रबरी नळी, तिचे पट्टे, वाटीखालचं रबर, सगळं तपासा. बहुतेक वेळा नळीला खालून चीर असते. वरून बघणाऱ्याला ती दिसतच नाही.

आता रिंगांचं. ऑइलचं झाकण काढल्यावर इंजिन चालू असताना फुसफुस जोरात येत असेल, तर मिस्त्री बरोबर सांगतोय, दाब रिंगांवरून खाली उतरतोय. काम काढावंच लागेल. पण एक करा. लाइनर-पिस्टनचा सेट घालायच्या आधी त्याला म्हणा, हवेची नळी माझ्यासमोर उघड. आत धूळ निघाली आणि ती नळी तशीच ठेवून नवा सेट घातलात, तर पुढच्या दिवाळीत आपण परत पत्र लिहीत बसू.

पुढं कधी ट्रॅक्टर बदललात आणि त्याला कोरडा कागदी फिल्टर असला, तर आत दोन असतात, मोठ्याच्या पोटात छोटा. मोठा साफ करता येतो. छोट्याला हात लावायचा नाही, हवा मारायची नाही, तो थेट बदलायचा.

प्रश्न : गांधीनगरातून कापडाच्या गठ्ठ्यांची ने-आण करायला पिकअप आहे. आमचा गॅरेजवाला दर वेळी फिल्टरला हवा मारून तोच बसवतो. पैसे घेत नाही. तीन वर्षं झाली, एकच फिल्टर. चांगला माणूस आहे, पण बरोबर करतोय का?
– एक व्यापारी, गांधीनगर

उत्तर : चांगला माणूस आहे यात शंका नाही. पण गॅरेजच्या कॉम्प्रेसरला शंभर-सव्वाशे पौंडाचा दाब असतो, तो टायरसाठी. कागदाला तीस पौंड पुष्कळ झाले. नोझल घडीला टेकवून फुर्रकन मारली की डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर मग स्वच्छही दिसतो आणि हवाही छान जाते. कारण गाळायचं काम त्यानं सोडलेलं असतं! मारायचीच तर आतून बाहेर, लांबून, हलकी. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. माझ्याकडं मी फक्त फरशीवर हलकेच आपटून घेतो, तेसुद्धा एखाद-दुसऱ्या वेळी. तीन वर्षांत एकच फिल्टर म्हणजे त्याची सेवा झाली. नवा घाला. कंपनीचाच घ्या, निदान नावाजलेल्या बनावटीचा. स्वस्त नकलेत कागद बरा असतो एखाद वेळेस, पण कडेचं रबर खाचेपेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी भरतं. आणि आपल्याला तर सगळी काळजी त्या कडेचीच.

प्रश्न : फिल्टर बदलला की मायलेज वाढतं असं ऐकून बदलला. तीन टाक्या हिशेब ठेवला, वहीत लिहून. काडीचा फरक नाही. फसवणूक झाली का?
– एक निवृत्त कारकून, कळंबा

उत्तर : काका, वही ठेवणारा वाचक मिळाला की मला बरं वाटतं. फसवणूक नाही, जुन्या काळची गोष्ट नव्या गाडीला चिकटवली, एवढंच. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा कमी पडली तरी पेट्रोल तेवढंच यायचं, मिश्रण दाट व्हायचं, धूर, खर्च, सगळं वाढायचं. इंजेक्शनच्या गाडीत हवा किती आली ते सेन्सर मोजतो आणि पेट्रोल तेवढंच सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनं २००९ साली हेच तपासलं. चोंदलेला फिल्टर लावूनही इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या मायलेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, वेग घेण्यात पडला. तुम्हाला फरक बघायचा असेल तर वहीत बघू नका. पन्हाळ्याच्या चढाला चार माणसं बसवून बघा, ओढ कळेल. अर्थात तुमचा जुना फिल्टर तेवढा चोंदलेला असला तर!

प्रश्न : स्कूटरचा फिल्टर काढून बघितला तर तेलकट होता. इंजिनाचं तेल वर आलं असं वाटून मी तो साबणाच्या पाण्यानं धुतला, गच्चीवर वाळवला, परत बसवला. रूममेट म्हणतो घोळ केलास. केला का?
– एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ वसतिगृह

उत्तर : केलास भावा. बऱ्याच स्कूटर आणि मोटरसायकलींना आता चिकट तेल लावलेलाच कागदी फिल्टर कारखान्यातून येतो. धूळ त्या तेलाला चिकटावी म्हणून ते लावलेलं असतं. तू ते धुऊन टाकलंस, आणि कागदही भिजून सैल झाला असणार. हा धुवायचा नाही, हवा मारायची नाही, वेळ झाली की नवा. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे, मेसच्या पैशातून निघेल.

धुवायचा असतो तो स्पंजचा, जुन्या गाड्यांचा. तो साबणपाण्यात दाबून धुवायचा, पूर्ण वाळवायचा, थोडं ऑइल लावायचं आणि मुठीत दाबून जादाचं काढायचं. पिळायचा नाही, फाटतो. हे लिहितोय कारण तुझ्या रूममेटची गाडी जुनी असू शकते आणि तो आता तुझं ऐकून धुवायचाच बंद करेल.

पेटीच्या तळाला एक छोटी पारदर्शक नळी असते का बघ, खालून बूच लावलेली. तिच्यात तेल-पाणी साचलं असेल तर बूच काढून रिकामी कर.

प्रश्न : बुलेटची फिल्टरची पेटी काढून उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा) टाकायचा आहे. आवाज जबरदस्त येतो. टाकू का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : आवाज येतो, ते खरं आहे. जे हवेच्या पेटीनं दाबलेलं असतं ते ऐकू येतं. ताकद वाढली असं वाटतं ते कानाला. रंकाळ्यावर चार फेऱ्या मारायला टाकणार असशील तर तुझा पैसा. पण तीच गाडी घेऊन राधानगरीला जाणार असलास, तर तो कापडी फिल्टर वेळच्या वेळी धुऊन मोजकं तेल लावायची तयारी ठेव, आणि पावसात तो उघडा आहे हे लक्षात ठेव. तयारी नसेल तर नाद सोड.

प्रश्न : आमचं घर पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात येतं. २०१९ ला गाडी दोन दिवस पाण्यात होती, २०२१ ला वेळेत हलवली. यंदा पुन्हा पावसाळा तोंडावर आलाय. एखाद वेळेस पाणी लागलंच तर फिल्टर वाळवून गाडी चालू करता येते का? मागच्या वेळी कुणीतरी धक्का मारून चालू करायचा प्रयत्न केला आणि इंजिन जाम झालं.
– एक गृहिणी, शाहूपुरी कुंभार गल्ली

उत्तर : वहिनी, हे पत्र मी दोनदा वाचलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी पंचावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. पाणी उतरल्यावर पंधरा दिवस आमच्याकडं टो करून आणलेल्या गाड्यांची रांग होती. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन पुरानं बिघडवलेलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर कुणीतरी किल्ली फिरवली होती.

त्याचं असं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेच्या तोंडातून पाणी आत गेलं, सिलिंडरमध्ये साठलं, आणि वरून पिस्टन जोरात आला, तर पाणी हटत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉक फोडतो. धक्का मारला तरी तेच, उलट गाडी गिअरमध्ये असते म्हणून जोर जास्त. तुमचं इंजिन जाम झालं ते असंच.

म्हणून पाणी लागलेल्या गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही, किती का घाई असेना. सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवायची. मग फिल्टरची पेटी उघडायची. इथं फिल्टर पंचनाम्याच्या कामाला येतो. कागद पूर्ण कोरडा, पेटी कोरडी, तर पाणी बहुधा तिथवर पोचलेलं नाही. कागद ओला, नाहीतर वाळून कडक झालेला आणि त्यावर गाळाची रेघ, तर पाणी पुढं गेलं असं धरून चालायचं. तो फिल्टर वाळवायचा नाही, फेकायचा. तिथून पुढं मिस्त्रीचं काम. स्पार्क प्लग काढून, डिझेल असेल तर इंजेक्टर काढून, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढतात. ऑइल बघायचं, दुधाळ झालं असेल तर पाणी त्यातही गेलंय, ते सगळं बदलायचं. मगच किल्ली.

पेटीत हवा जायचं तोंड किती उंचीवर आहे ते आत्ताच, कोरड्यात, बघून ठेवा. पुष्कळ गाड्यांत ते पुढच्या जाळीच्या मागं, हेडलाइटच्या आसपास असतं. पाण्यातून गाडी काढायची वेळ आली तर चाकाकडं बघू नका, त्या तोंडाकडं बघा. समोरून ट्रक आला की लाट उसळते, तीही धरा. आणि विम्याचे कागद काढून बघा. साध्या पॉलिसीत पाण्यानं इंजिन गेलं तर बहुतेक वेळा भरपाई मिळत नाही, त्याला इंजिनाचं वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं.

तुमच्या भागाला हे सांगायची गरज नाही, तरी लिहितो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ची बातमी आली की गाडी वरच्या भागातल्या नातेवाइकांकडं नेऊन लावा. चार दिवस त्यांना अडचण होईल, होऊ दे.

प्रश्न : एसी लावला की गाडीत कुबट वास येतो. फिल्टर बदलला, तरी वास तसाच.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही इंजिनाचा बदलला, वास येतोय केबिनच्या फिल्टरचा. तो वेगळा. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागं असतो. काढून बघा, आणि काढताना खाली वर्तमानपत्र पसरा. गेल्या महिन्यात एका गाडीतून शेंगांची टरफलं, स्पंजचे तुकडे आणि उंदराची चार पिल्लं निघाली. मालकीणबाई बॉनेटपासून थेट रस्त्याच्या पलीकडं. उंदीर इंजिनाच्या फिल्टरच्या पेटीतही घर करतो बरं का. कागद त्याला गादीसारखा मऊ मिळतो. तेव्हा दोन्हीकडं बघा.

प्रश्न : मिस्त्री, तुमची ओळ वाचली आणि लगेच पेटी उघडून बोट फिरवलं. काळं झालं. रात्रभर झोप नाही. इंजिन गेलं का हो?
– एक वाचक, कागल

उत्तर : नाही हो, झोपा. बोटाला लागलं ते काळं आणि तेलकट असेल, तर ती बहुधा इंजिनाच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातून बाहेर सोडलेली तेलकट वाफ आहे, ती त्या नळीत येतेच. ते फडक्यानं पुसून घ्या. कोरडी, करकरीत, बोटांत चोळल्यावर वाळूसारखी लागणारी असेल, तर ती धूळ. मग फिल्टरची कड, पेटीच्या क्लिपा, नळीचे पट्टे बघा, कुठंतरी एक सैल सापडेल. ती घट्ट करा, आतलं सगळं पुसून लख्ख करा. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी आज लिहून ठेवा. हजार किलोमीटरनं परत बघा, परत बोट फिरवा, आणि काय निघालं ते मला कळवा. पत्रावर गाडी पेट्रोलची की डिझेलची तेवढं लिहा, ते राहिलंय.